आम्ही अंगणात, मावशी आत

द्वारकामावशी,

तुझ्या दहाव्याला कोणता फोटो लावायचा यावरून तुझ्या घरात चांगलंच वाजलं. बबनरावांनी, तुझ्या धाकट्या दिरांनी, रेशनकार्डासाठी काढलेला फोटो मोठा करून आणला होता. त्यात तू दमदाटी करून स्टुलावर बसवल्यासारखी दिसतेस. तेवढ्यात आपल्या गॅरेजवाल्या विलासने खिशातून दुसरा काढला. पौडच्या पेट्रोल पंपावरचा. माझ्या बुलेटवर मागे तू, नऊवारीचा काष्टा असल्यामुळे दोन्हीकडे पाय टाकून गड्यासारखी बसलेली, पदरावरून हेल्मेट चढवलेलं, आणि फोटो काढणाऱ्यावर डाफरतेयस.

बबनराव म्हणाले, "असल्या टोपड्यातल्या बाईला हार घालत्यात व्हय?"

विलास म्हणाला, "काका, समदा तालुका तिला ह्याच टोपड्यात वळखतो."

तुझी सून शोभा आतून आली, दोन्ही फोटो बघितले आणि हेल्मेटवाला पाटावर ठेवला. त्याला हार घालताना बबनरावांचा चेहरा बघायला तू हवी होतीस.

आता तुला जाऊन दीड महिना होत आला. तालुक्याच्या अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहून दे म्हणून मागणी आहे. लिहायला बसलो आणि लक्षात आलं, की तुझा जन्म कुठला, माहेर कुठलं, हे लोकांना सांगण्यात मला काही गोडी नाही. मला तुझ्याशीच बोलायचंय. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय.

आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी बुलढाण्याहून पिरंगुटच्या कारखान्यात पॅकिंग विभागात लागून फार दिवस झाले नव्हते. विलासचं गॅरेज कारखान्यासमोरच, त्यामुळे त्याच्याशी मैत्री झाली होती. ऑगस्टातल्या एका रविवारी आम्ही चौघं दोन मोटरसायकलींवर ताम्हिणीचे धबधबे बघायला निघालो. धरणाच्या वरच्या अंगाला धुकं असं उतरलं होतं, की पुढच्या गाडीचा लाल दिवाही दिसेना. एका फाट्यावर लष्कराचा ट्रक उभा होता आणि एक जवान भिजत रस्त्यावर उभा राहून येईल त्या गाडीला हात करत होता. त्याने हिंदीत तुमच्या वाडीचा रस्ता विचारला. जो माणूस रस्ता दाखवायला येणार होता, त्याची पौडमध्येच चुकामूक झाली होती. विलासने ट्रकाकडे बघून विचारलं, "अंदर क्या है?"

जवान म्हणाला, "साथी है हमारा. घर छोड़ने आए हैं."

विलासला वाडी माहीत होती. आम्ही गाड्या वळवल्या, दिवे लावले आणि ट्रकाच्या पुढे झालो. प्रत्येक वळणावर थांबायचं, ट्रकाचे दिवे दिसले की पुढे निघायचं. धबधबे राहिले ते राहिलेच.

तुझ्या संतोषची पेटी अंगणात उतरवली, तेव्हा आम्ही रेनकोट घालून कोपऱ्यात उभे होतो. तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, "उघडा." बरोबरच्या सुभेदाराने मान हलवली. बबनराव आणि सरपंच पुढे झाले. "वैनी, नगं. जसा व्हता तसाच डोळ्यापुढं ठिवा." तू पुन्हा म्हणालीस, "उघडा." मग बायकांनी तुला धरलं. तू खाली बसलीस आणि पेटीच्या लाकडावर तळहात ठेवलास. उचलायची वेळ झाली, तेव्हा त्याच्या बायकोने, शोभाने, तो सोडवून घेतला.

पंधरवड्याने मी एकटाच परत आलो. तू ओसरीवर मिशरी लावत बसली होतीस. मला बघून पिंक टाकलीस आणि म्हणालीस, "तू म्होरं व्हतास न्हवं, टरकाच्या?"

मी म्हटलं, "हो. तुम्ही कशा आहात ते बघायला..."

"तुमी तुमी काय करतोस? मी काय तहशिलदार हाय व्हय?"

तेव्हापासून तू मला 'तू' झालीस. आणि त्याच बैठकीत आपलं पहिलं भांडण झालं. तू म्हणालीस, संतोषला तुला दाखवला नाही, याचा तुला सगळ्यांचा राग आहे. मी शहाणपणा केला. म्हटलं, "मावशी, लोकांनी तुझ्या भल्यासाठीच केलं असेल. नाही तर तेच दिसत राहिलं असतं."

तुझा आवाज चढला नाही. तू नुसतं विचारलंस, "त्येला न्हाऊ कुनी घातलं? गोवर आली तवा मांडीवर घिऊन कोन बसलं? आन आता बघायचं का न्हाई ते ठरवनार सरपंच?"

तू आत गेलीस आणि माझ्यासाठी भाकरी घेऊन आलीस. मी जेवलो.

पुढच्या वर्षी कोळवणच्या बाजूच्या एका गावचा जवान गेला. तोपर्यंत विलासच्या गॅरेजवर गाडीवाल्यांचा चांगला अड्डा जमला होता आणि त्या धुक्यातल्या दिवसाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. कुणी फार ठरवलं नाही. सैनिक कार्यालयातल्या विलासच्या ओळखीच्या माणसाने फोन केला आणि आम्ही सकाळी चांदणी चौकात गाड्या लावून उभे राहिलो. लष्कराची गाडी आली, आम्ही पुढे लागलो. भूगाव सोडून पिरंगुटात आलो, तर एसटीच्या थांब्यावर तू उभी, बातमी ऐकून वाडीतून आलेली. हातात पिशवी. मी थांबलो, कारण तू रस्त्याच्या मध्येच आलीस.

"मला घी."

"मावशी, अगं गाडी चालवतोय मी, मिरवणूक आहे का ही? तू काहून येतेस?"

"तुझं त्ये काहून ऱ्हाऊ दे. तितं त्येची आई असंल. तुमी समदे बाप्ये अंगनात हुबं ऱ्हानार. आत कोन जानार?"

एवढं बोलून तू काष्टा सावरलास आणि बसलीसही. मागून येणाऱ्या लष्कराच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही, थांबून राहिला. मी विलासचं हेल्मेट घेऊन तुझ्या डोक्यावर ठेवलं. तू ते वाकडंच ठेवलंस, शेवटपर्यंत वाकडंच ठेवत आलीस. रस्त्यात माझ्या पाठीत एक गुद्दा म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब, ही तुझी भाषा त्याच दिवशी ठरली.

त्या घरात तू आत काय केलंस ते मला तेव्हा कळलं नाही. पुढे बायकांकडून थोडं थोडं ऐकलं. मोकळे सुटलेले केस तू बांधून द्यायचीस. पाणी पाजायचीस. मोठ्याने गळा काढणाऱ्या लांबच्या नातेवाइकांना गोठ्याकडे पिटाळायचीस. शेजारच्या घरात चूल पेटवून घरातल्या लेकरांना जेवू घालायला लावायचीस. आणि महिन्याभराने, जेव्हा त्या घरी कुणी फिरकत नसे, तेव्हा मला रविवारी बाहेर काढून पुन्हा तिथे न्यायला लावायचीस. तिथे तू काही फार बोलायची नाहीस. तांदूळ निवडत बसायचीस. मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचायचो. तुझ्यामुळे या तालुक्यातल्या कितीतरी ओसऱ्यांवर माझी डुलकी झालेली आहे, मावशी. त्या घरांतली माणसं आजही मला नावाने हाक मारतात. हे सगळं मला एरवी मिळालं नसतं. मी इथे पगारासाठी आलेला माणूस. तू मला इथला केलास.

सगळं तुझंच बरोबर असायचं असं मात्र नाही. घोषणांवरून तू विलासशी आणि पोरांशी उभा दावा मांडला होतास. गावाची शीव लागली की घोषणा बंद, हॉर्न बंद, हा तुझा हुकूम. "तितं माय ऐकत असती. तिला तुमचा जयजयकार काय करायचाय?" आम्ही ऐकलं. पण एका गावात जवानाच्या वडिलांनीच मला बाजूला घेतलं. "तुमी गप का? माझ्या पोराच्या नावानं कुनी वरडनार न्हाई का?" त्या माणसाची मान खाली गेली होती. मग विलासने त्यांच्या मुलाचं नाव घेऊन आरोळी दिली, सगळ्या गावाने साथ दिली, आणि त्या बापाने मान वर केलेली मी बघितली. तू आतून ऐकलंस. परत पिरंगुटात उतरलीस आणि म्हणालीस, "बापाला इचारायचं माज्या ध्यानातच आलं न्हाई." त्यानंतर तू तुझा नियम बदललास. ज्या घराला हवं त्या घरी घोषणा. तू चूक मान्य केलीस, पण त्या दिवशी विलासशी बोलली नाहीस. तो अजून हसतो त्यावर.

ताम्हिणीच्या वरच्या वस्तीतला दिवस मात्र मी कधीच विसरणार नाही. ठकूबाईचा राघू. लष्कराची गाडी दरीत गेली होती, त्यात तो गेला. वस्तीपर्यंत रस्ता नव्हता. आम्ही गाड्या खाली लावल्या आणि जवानांबरोबर खांदे देत चढ चढलो. तुझे गुडघे तेव्हा बोलायला लागले होते. एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात काठी, आणि तोंडाने मलाच शिव्या, की मी हळू चालतोय.

पेटी अंगणात ठेवली. वस्तीतला म्हातारा, ठकूबाईचा थोरला दीर, म्हणाला, "उघडायचं न्हाई. बायांला मागं घ्या."

तू विचारलंस, "तिला इचारलं का?"

"तिला काय इचारायचं? तिची शुद्ध हाय का?"

तू सुभेदाराकडे गेलीस. तो साताऱ्याकडचा होता, तुझ्या मुलाच्या वयाचा. "सायेब, खरं सांगा. दावन्याजोगा हाय का?"

त्याने बुटांकडे बघत सांगितलं, "डाव्या अंगाला लई लागलंय, मावशी. उजवी बाजू बरी हाय. पण माझं ऐकाल तर नको."

"बरं. आता मला कळलं."

दार बुटकं होतं. तुला वाकता येईना, म्हणून मी तुला धरून उंबऱ्यापर्यंत आणलं आणि तिथेच अडकलो. त्यामुळे पुढचं मी ऐकलं. ठकूबाई भिंतीला टेकून बसली होती. डोळे कोरडे. तू तिच्या समोर बसलीस, तिची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवलास.

"ठकू, माझ्याकडं बघ. मी बी अशीच बसले व्हते. मला कुनी इचारलं न्हाई, म्हनून मी तुला इचारतीय. राघूला डाव्या बाजूनं लागलंय. उजवी बाजू धड हाय. तुला बघायचं असंल तर उघडत्यात. नगं असंल तर कुनी उघडनार न्हाई. तू सांग."

बाहेरून तो दीर काहीतरी ओरडला. मी मागे वळून हात वर केला. बायका रडायच्या थांबल्या.

"त्वांड नगं," ठकूबाई म्हणाली. "त्येचा हात दावा मला."

तू तिच्याकडे बघत राहिलीस. हे तुलाही सुचलेलं नव्हतं.

सुभेदार आणि एका जवानाने झाकण थोडं सरकवलं, कापड बाजूला केलं आणि उजवा हात मोकळा केला. ठकूबाई पेटीशी बसली. तिने तो हात उलटा केला, सुलटा केला, नखं बघितली. अंगठ्याच्या मुळाशी कोयत्याची जुनी खूण होती, तिच्यावर बोट फिरवलं. "त्योच हाय," ती म्हणाली. मग थोडा वेळ तो हात गालाला लावून बसली. आणि तिनेच सांगितलं, "झाका आता."

तो म्हातारा दीर तेव्हा अंगणात मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. तूच त्याला पाणी दिलंस.

उतरताना तू मला ताम्हिणीतल्या ढाब्यावर थांबायला लावलंस. चहा सांगितला. चहा आला, त्यावर साय धरली, तरी तू कपाला हात लावला नाहीस.

"गजा, मला वाटलं व्हतं ती चेहराच बघीन म्हनंल. मी तिला त्येच्यासाठी तयार करत व्हते."

मी माझा कप खाली ठेवला.

"मला कुनी इचारलं असतं, तर मी काय म्हनाले असते रं?"

"तू बघितलाच असतास."

"कशावरनं?" तू पदराने डोळे पुसलेस. मी तुला रडताना तेव्हाच पाहिलं, पहिल्यांदा आणि शेवटचं. "मला बी म्हाईत न्हाई. न्हाई बी म्हनाले असते. त्येचाच राग हाय मला. न्हाई म्हनायची पाळी बी माझ्यावर येऊ दिली न्हाई त्यांनी."

मग तू ढाब्यावाल्याला हाक मारून चहात साखर कमी आहे म्हणून झापलंस, आणि आपण निघालो.

आता भांडणावर येतो. ठकूबाईनंतर मी पुरता तुझ्या बाजूचा झालो होतो. पण मग मावळातलं ते घर आलं. तू आत जाऊन विचारलंस आणि त्या आईला उत्तर देता येईना. हो म्हणाली, नाही म्हणाली, पुन्हा हो म्हणाली आणि बेशुद्ध पडली. शेवटी पेटी उघडलीच नाही. महिन्याभराने आपण गेलो, तेव्हा तिच्या नवऱ्याने आपल्याला अंगणातच अडवलं. "कशाला इचारलंत तुमी? ती रोज मला म्हनती, मी न्हाई का म्हनाले? मी आई हाय का कोन? तुमी इचारलं नसतं तर तिनं मला शिव्या घातल्या असत्या, गावाला घातल्या असत्या. आता स्वताला घालती."

परतीच्या वाटेवर घोटावडे फाट्यावर मी गाडी उभी केली आणि तुला म्हटलं, "मावशी, दरवेळी विचारायलाच पाहिजे असं नाही. काही माणसांना त्या घडीला ठरवणं झेपत नाही. कधी दुसऱ्याने अंगावर घेतलेलं बरं असतं."

"इचारायलाच पायजे."

"त्या बाईचं काय झालं बघितलंस ना?"

"बघितलं. तरी इचारायलाच पायजे. मी ऱ्हाईन तिच्यासंगट. पन ठरवील तीच."

मी म्हटलं, "तुझ्या रागासाठी दुसऱ्या बाईला कशाला जाळतेस?"

हे मी म्हटलं, मावशी, आणि आजही पूर्णपणे मागे घ्यायला तयार नाही. तू गाडीवरून उतरलीस, पिशवी घेतलीस आणि बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिलीस. मी बस येईपर्यंत लांबून बघत राहिलो. पुढचे कित्येक रविवार तू मला बोलावलं नाहीस. शोभा लवळ्याच्या एका कॉलेजच्या कँटीनमध्ये कामाला लागली होती आणि तुम्ही दोघी पिरंगुटात खोलीवर राहत होतात, म्हणजे तू माझ्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर होतीस. तरी नाही.

मला मागून शोभाकडून कळलं, की ते सगळे रविवार तू एसटीने मावळातल्या त्या बाईकडे जात होतीस. दोन बस बदलून, त्या गुडघ्यांनी. पहिल्यांदा तिच्या नवऱ्याने तुला परत पाठवलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तू त्यांच्या बांधावर बसून राहिलीस आणि ती बाईच बाहेर आली. एवढं कळल्यावर मी विलासच्या गॅरेजवरून गाडी धुऊन आणली आणि रविवारी सकाळी तुझ्या दारात हॉर्न दिला. तू खाली आलीस, हेल्मेट वाकडं घातलंस आणि म्हणालीस, "टैम झालाय. चल." भांडणाचं नाव तू काढलं नाहीस, मीही काढलं नाही. आपण ते तसंच ठेवून आणखी बरीच वर्षं गाडी चालवली.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली. त्या पहिल्या पंधरवड्यानंतर मी परत का आलो, हे तू मला कधी विचारलं नाहीस. रस्ता दाखवून आमचं काम संपलं होतं. त्या दिवशी पेटी उचलण्याआधी, तू लाकडावर हात ठेवून बसली होतीस तेव्हा, तुझी नजर आमच्याकडे वळली. आम्ही चौघं वळचणीखाली उभे होतो, पागोळ्या डोक्यावर पडत होत्या. तू शेजारच्या बाईला म्हणालीस, "त्या पोरांस्नी आत घ्या, भिजत्यात." बाकी कुणालाही आम्ही दिसत नव्हतो. त्या घडीला, तसल्या घडीला, तुला दिसलो. घरी गेल्यावर मला झोप आली नाही, म्हणून आलो. एवढंच. हे तुला आधी सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, भिजत व्हता म्हनून म्हनले, त्यात काय. म्हणून बोललो नाही.

तू गेलीस ती नेहमीसारखीच, कुणाला विचारायची संधी न देता. शोभा कँटीनला निघाली होती. तू भाकरी थापून झाल्यावर भिंतीला टेकलीस, ती टेकलीसच. शोभाने कारखान्यात फोन केला, "या," एवढंच म्हणाली. आम्ही सगळे गाड्या घेऊन आलो. विलासचं म्हणणं, मावशीला वाडीपर्यंत आपण पुढे राहून न्यायची, दिवे लावून. मला पटलं होतं. शोभाने नकार दिला. "त्यांनी म्हटलं व्हतं, माझ्यापुढं गाड्या नगंत. संतोषचा मान मला देऊ नका." मग आम्ही गाड्या पिरंगुटातच लावल्या आणि एका भाड्याच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून तुझ्या मागे आलो.

वाडीत पोचलो तर आधीच बायका जमलेल्या. कोळवणची आली होती, मावळची आली होती, नवऱ्याला घेऊन. ठकूबाई वस्तीवरून चालत खाली येऊन ट्रकाने आली होती. त्या एकमेकींना ओळखत नव्हत्या. तुझ्या उशाशी बसल्या आणि एकमेकींना विचारू लागल्या, तुमचा कोन? मावळच्या त्या गृहस्थांनी माझ्याजवळ येऊन हात धरला. आपल्या वादाबद्दल त्यांना विचारावं असं मला वाटलं. विचारलं नाही. त्यांनी तुला खांदा दिला.

दहाव्याचं सगळं आटोपल्यावर विलासने तो प्रश्न काढला. "आता म्होरं फोन आला तर आत कोन जानार?" कुणी म्हणालं, ठकूबाईला विचारू. ठकूबाई म्हणाली, "मी ईन, पन मला गाडीचं लई भ्या वाटतं." शोभा भांडी घासत होती. तिने हात धुतले आणि बाहेर आली.

"मी जाईन. पन मी मागं बसनार न्हाई. मला गाडी शिकवा."

बबनरावांनी कपाळाला हात लावला. विलासने दुसऱ्याच दिवशी एक जुनी स्कूटर दुरुस्त करायला घेतली. कारखान्यामागच्या मोकळ्या रस्त्यावर मी तिला शिकवलं. ती दोनदा आपटली, एकदा कंपाउंडच्या तारेत गेली. ओरडली नाही, रडली नाही. उठून पुन्हा किक मारायची. तू असतीस तर माझ्यावरच ओरडली असतीस.

गेल्या आठवड्यात फोन आला. मुठा खोऱ्यातल्या एका गावचा मुलगा. चांदणी चौकात आम्ही उभे राहिलो, लष्कराची गाडी आली. शोभा माझ्या शेजारी स्कूटरवर होती, दोन्ही हात घट्ट, नजर समोर. खिंडीतल्या वळणांवर मी तिच्यामागे राहिलो. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी प्रत्येक वळणावर थांबून तिने मागचे दिवे दिसायची वाट पाहिली.

अंगण भरलं होतं. पेटी मधे ठेवली. मुलाचे वडील आणि चुलते दारातच बसले होते. चुलते नेहमीचंच बोलायला लागले, की उघडायचं नाही, बायकांना आवरा. शोभाने स्कूटर लावली, डोक्यावर पदर घेतला आणि त्यांच्या बाजूने आत गेली. मला ओठांवर आलं होतं, की शोभा, आज विचारू नकोस, सुभेदार म्हणतोय फार लागलंय. मावशी, मला अजूनही वाटतं की दर घरी विचारायला नको. ते तुला सांगतोय. शोभाला सांगितलं नाही, कारण आत जाणारी ती होती.

बराच वेळ गेला. आतून रडण्याचा आवाज येत होता, तो थांबला. मग शोभा दारात आली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज नीट होता.

"सुभेदारसाहेब, आईला सगळं सांगितलंय. त्यांना बघायचंय. एकटीनं."

चुलते उठून काही बोलणार होते. त्यांच्या आधी मुलाचे वडील उठले. त्यांनी भावाच्या दंडाला धरलं, त्याला घेऊन दारातून बाजूला झाले आणि अंगणाच्या पार टोकाला जाऊन पाठ फिरवून उभे राहिले. मग आम्ही सगळेच तसे उभे राहिलो.